सनशेडचा उपयोग होतो, पण तुम्ही बघताय तिथे तो दिसत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. विश्रामबागेत ऑफिस, सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सहा गाडी उघड्यावर. साडेतीनशे रुपयांची चंदेरी सनशेड पुढच्या काचेला रोज न चुकता लावताय, तरी संध्याकाळी दार उघडलं की तोंडावर भट्टीचा झोत येतोच. मग साडेतीनशे पाण्यात गेले, की दीड हजाराची चांगली शेड घ्यायला हवी होती, की सरळ काचांना फिल्मच मारावी?

मी सांगलीत गाड्यांच्या एसीचं काम करतो. सव्वीस वर्षं झाली. एप्रिल उजाडला की आमच्याकडे रोज कोणीतरी येतं, "गॅस कमी झालाय बहुतेक, भरून द्या" म्हणत. गेज लावून बघावं तर प्रेशर एकदम बरोबर. चौकशी केली की कळतं, गाडी सकाळपासून मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला उन्हात उभी होती. एसीला काही झालेलं नसतं, त्याच्यासमोर काम भलतंच वाढून ठेवलेलं असतं. त्यामुळे एसी दुरुस्त करणारा माणूस असूनही सनशेडबद्दल मला बराच विचार करावा लागलाय.

तुमची शेड काम करतेय. दार उघडल्यावर तोंडावर येणाऱ्या पहिल्या हवेवरून तुम्ही तिला नापास करताय, आणि नेमक्या त्याच हवेवर शेडचा जोर सगळ्यात कमी चालतो. हे जरा उलगडून सांगतो.

दुपारच्या स्वच्छ उन्हात, उन्हाकडे सरळ तोंड केलेल्या एक चौरस मीटर जागेवर साधारण १००० वॅट ऊर्जा पडते. पुढची काच तिरकी असते, थोडं ऊन परत फेकलं जातं, थोडं काचेतच मुरतं. तरी लहान गाडीतसुद्धा सहा-सातशे वॅट सहज आत येतात. घरची साधी इस्त्री एवढ्याच वॅटची असते. म्हणजे चालू इस्त्री डॅशबोर्डवर ठेवून, दारं-काचा गच्च लावून तुम्ही ऑफिसात जाता, असं समजा. ते ऊन काळ्या डॅशबोर्डवर पडून त्याची उष्णता होते, आणि तापलेल्या डॅशबोर्डमधून निघणारी ही उष्णता काचेतून थेट पार होत नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आतल्या गरम हवेला बाहेर पडायला वाट नाही. आपल्याकडे तासगाव, कवठेमहांकाळच्या बाजूला बेदाण्याच्या शेड बघा. तिथेही उन्हाळा तोच, पण चारी बाजूंनी वारा खेळता असतो, म्हणून आत उभं राहता येतं. गाडी म्हणजे चारी बाजूंनी बंद केलेली शेड.

आता शेड लावल्यावर काय होतं? चंदेरी बाजू ऊन काचेतून परत पाठवते. सगळं नाही. ऊन काचेच्या आत येऊन मग अडतं, म्हणजे काच आणि शेड यांच्यामध्ये थोडी उष्णता राहतेच, ती कडेने गाडीत उतरते. शिवाय दारांच्या काचा उघड्या, मागची काच उघडी, वर पत्रा तापतोय तो वेगळाच. तुम्ही एक मोठी खिडकी बंद केलीत, घर नाही.

मध्यंतरी मे महिन्यात मी लागोपाठ दोन दिवस आमच्याच अंगणात एक पांढरी हॅचबॅक उभी करून मापं घेतली. एक दिवस शेड लावून, एक दिवस तशीच. बाहेर दोन्ही दिवस ३९ अंशांच्या आसपास. दुपारी दीडला पुढच्या दोन सीटांच्या मध्ये टांगलेला थर्मामीटर (आम्ही एसीच्या जाळीत खुपसतो तो) शेडशिवाय ५८ च्या आसपास दाखवत होता, शेड लावून ५३. फरक पाच अंशांचा. माणसाला ५८ काय आणि ५३ काय, दोन्ही भट्टीच वाटणार. तुमचं नेमकं तेच झालंय. पण डॅशबोर्ड? शेडशिवाय ८० च्या वर, शेड लावून साठीच्या आत-बाहेर. स्टिअरिंगचंही तसंच: एके दिवशी हात लावून लगेच मागे घेतला, दुसऱ्या दिवशी धरता आलं. दोन दिवसांचं माप म्हणजे काही प्रयोगशाळा नव्हे, पण नंतर गिऱ्हाइकांच्या गाड्यांवर सहज बघितलं तेव्हाही हवेत थोडा आणि डॅशबोर्डवर भरपूर, असाच फरक दिसत आला.

इथे माझीही एक चूक सांगतो. पहिल्यांदा मी लाल ठिपक्याची थर्मामीटर गन घेऊन शेडच्या चंदेरी बाजूवर धरली आणि आकडा आला चाळिशीच्या आत. मी सगळ्यांना सांगत सुटलो, शेड बघा किती थंड राहते! चकचकीत वस्तूचं तापमान ही गन धड वाचत नाही, समोरच्या वस्तूंचं प्रतिबिंबच वाचते. शेडवर काळी चिकटपट्टी लावून तिच्यावर गन धरली तेव्हा खरा आकडा कळला, आणि तो बराच वर होता. दुकानदार ग्राहकाला गन दाखवून शेड विकत असेल तर तेवढं लक्षात ठेवा.

तर हवेत पाच अंश आणि डॅशबोर्डवर वीस. यातलं कामाचं कोणतं? मी म्हणेन दुसरं, आणि कारण साधं आहे. लहान गाडीच्या आत साधारण तीन घनमीटर हवा असते, वजनाला तीन-साडेतीन किलो. तेवढ्या हवेत मावणारी उष्णता लिटरभर पाण्यातल्या उष्णतेपेक्षाही कमी. ती तापते चटकन आणि निघूनही जाते चटकन. दोन्ही बाजूंची दारं अर्धा मिनिट उघडी ठेवलीत की भट्टीचा झोत गेला. जात नाही ती सीटांत, डॅशबोर्डच्या जाड प्लास्टिकमध्ये, दारांच्या आतल्या पॅनेलमध्ये मुरलेली उष्णता. हवा बाहेर घालवली तरी हे सामान नव्या हवेला पुन्हा तापवत बसतं. एसी पहिली पंधरा मिनिटं तुमच्यासाठी चालत नसतो, या सामानाशी भांडत असतो.

त्यात डॅशबोर्डची गोष्ट वेगळीच. एसीची थंड हवा ज्या नळ्यांमधून येते त्या डॅशबोर्डच्या पोटातून जातात. डॅशबोर्ड ८० अंशांवर असेल तर कॉइलवरून थंड होऊन निघालेली हवा तुमच्यापर्यंत येता येता कोमट होते, आणि गिऱ्हाईक म्हणतं, "कुलिंगच येत नाही." डॅशबोर्ड साठीला असेल तर तीच हवा लवकर गार लागते. म्हणून शेडची परीक्षा घ्यायचीच असेल तर अशी घ्या: एक दिवस शेड लावून, एक दिवस न लावता, त्याच जागी, तेवढाच वेळ गाडी उभी करा. बसल्यावर घड्याळ लावा आणि अंगाला गारवा जाणवायला किती मिनिटं लागली ते लिहून ठेवा. तोंडावरचा झोत सोडून द्या.

आता कशावर अवलंबून आहे ते.

सगळ्यात आधी गाडीचं तोंड कुठे असतं. याकडे कोणी बघत नाही. आपल्या सांगलीत मेच्या पहिल्या आठवड्यात भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, खांबाची सावली पायातच मिटते. त्यामुळे ऐन उन्हाळ्यात दक्षिण बाजूची काळजी करायचं कारण नाही, ती हिवाळ्यातली गोष्ट. उन्हाळ्यात भांडण पूर्व आणि पश्चिमेशी. तुम्ही सहाला निघता, म्हणजे निघण्याआधीचे चार तास ऊन पश्चिमेकडून. गाडीचं तोंड पूर्वेकडे ठेवलंत तर सकाळचं ऊन पुढच्या काचेवर येईल, तिथे शेड आहेच. दुपारनंतरचं मागच्या काचेवर जाईल, ती हॅचबॅकमध्ये लहान असते. दारांच्या काचा उत्तर-दक्षिणेला राहतात, त्यांच्यावर तिरपं ऊन फार येत नाही. संध्याकाळी थोडंसं डाव्या बाजूने येईल, म्हणजे तुमच्या स्टिअरिंगच्या उलट बाजूने. एक पैसा खर्च न करता होणारं हे काम आहे. पार्किंगच्या पट्ट्या आडव्या असतील, वॉचमन ऐकत नसेल, तर इलाज नाही.

दुसरं, रंग. गाडी काळी किंवा गडद असेल तर छताचा पत्रा फार तापतो आणि शेड त्याला काही करू शकत नाही. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने २०११ मध्ये एक काळी आणि एक चंदेरी होंडा सिव्हिक शेजारी शेजारी उन्हात ठेवून बघितल्या. चंदेरी गाडीचं छत काळ्या गाडीच्या छतापेक्षा २५ अंशांपर्यंत कमी तापलं, आतली हवा पाच-सहा अंशांनी कमी. म्हणजे शेडने जेवढा फरक हवेत पडतो, साधारण तेवढाच नुसत्या रंगाने पडला. आता यासाठी गाडी रंगवून घ्या असं मी म्हणणार नाही, पण पुढची गाडी घेताना काळ्या रंगाला वीस हजार जास्त देणारे लोक बघितले की मला गंमत वाटते. मेमध्ये तेच आमच्याकडे येतात.

महागड्या शेडबद्दल. साडेतीनशेच्या आणि दीड हजाराच्या शेडमध्ये चकाकीचा फरक फारसा नसतो, असतो तो मापाचा. महाग शेड तुमच्या मॉडेलच्या मापाने कापलेली असते, आरशाच्या दांड्याभोवती नीट बसते, कडेला फट राहत नाही. तेव्हा आधी तुमच्या शेडची फट बघा. दुपारी बाराला दोन मिनिटं गाडीत बसा आणि डॅशबोर्डवर उन्हाच्या पट्ट्या कुठे पडतायत ते पाहा. एखाद्या कोपऱ्यात बारीक पट्टी असेल तर सोडून द्या. वीतभर रुंदीचा पट्टा दोन्ही बाजूंना असेल तर शेड लहान आहे. तरीही दीड हजार घालवायची गरज नाही. पत्र्याच्या छताखाली लावतात तो बुडबुड्यांचा चंदेरी कागद हार्डवेअरच्या दुकानात फुटावर मिळतो, कुपवाड एमआयडीसीतल्या शेडना तोच लावलेला असतो. जुन्या वर्तमानपत्राचा साचा काढून काचेच्या मापाने कात्रीने कापा, कडेला कापडी पट्टी चिकटवा. माझ्या स्वतःच्या गाडीत गेली तीन वर्षं तोच आहे. दिसायला गबाळा, पण कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बसतो.

काळ्या जाळीची शेड पुढच्या काचेला लावू नका. ती ऊन परत पाठवत नाही, स्वतः तापते आणि ती उष्णता गाडीतच सोडते. डॅशबोर्डवर थेट ऊन पडत नाही एवढाच तिचा फायदा. छत्रीसारखी उघडणारी शेड सोयीची आहे, लावायला दहा सेकंद, पण तिच्या काड्या टचस्क्रीनवर घासतात. मधोमध मोठा स्क्रीन असलेल्या गाड्यांमध्ये ते ओरखडे मी बघितलेत. रबरी चकत्यांच्या शेड एका उन्हाळ्यात वाळून गळायला लागतात, त्यापेक्षा सनवायझर खाली पाडून त्यांच्या आधाराने शेड धरलेली बरी. आणि हो, काही शेड एका बाजूने चंदेरी आणि दुसऱ्या बाजूने काळ्या किंवा निळ्या असतात. चंदेरी बाजू बाहेर. हसू नका, घडी तशीच उघडली म्हणून उलटी लावलेल्या शेड मी पार्किंगमध्ये मोजल्या तर रोज एखाद-दुसरी सापडतेच.

दाराच्या काचांना त्या चिकटणाऱ्या जाळ्या लावल्यात तर थोडी भर पडेल, मुख्यतः सीटा आणि बेल्टचं लोखंडी बक्कल कमी तापेल. गाडी चालवताना त्या काढून ठेवा.

फिल्मचा विषय निघालाच आहे तर. चांगल्या दर्जाची उष्णता अडवणारी फिल्म काम करते, त्यात वाद नाही, आणि ती गाडी चालू असतानाही करते, जे शेड करू शकत नाही. अडचण कायद्याची. नियम असा की पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश पार गेला पाहिजे. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वरून चिकटवलेल्या फिल्मवर सरसकट बंदी घातली. नंतर नियम बदलले आणि केरळ उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये हे प्रमाण पाळणारी फिल्म चालते असं म्हटलं. पण पुष्पराज चौकात शिट्टी वाजल्यावर तुम्ही हवालदाराशी उच्च न्यायालयाच्या निकालावर चर्चा करणार आहात का? मी गिऱ्हाइकाला स्वतःहून फिल्म सुचवत नाही. कंपनीतूनच हिरवट काच येत असेल तर ती उत्तम.

खरा फरक पाडणारी गोष्ट एकच, ऊन गाडीपर्यंत पोचूच न देणं. अमेरिकेतल्या ॲरिझोनात २०१८ च्या एका अभ्यासात एक तास उन्हात उभ्या गाड्यांचा डॅशबोर्ड सरासरी ६९ अंशांवर गेला आणि सावलीतल्या गाड्यांचा ४८ वर थांबला. आतली हवा उन्हात ४७, सावलीत ३८. सावलीने हवेतही नऊ अंश पाडले, शेडला ते जमत नाही, कारण सावली छतालाही मिळते आणि सगळ्या काचांनाही. झाड मिळालं तर झाड. फक्त सकाळी झाडाखाली लावलेली गाडी दुपारी तिथेच सावलीत असेल असं नाही, तेव्हा दुपारची सावली कुठे पडते ते बघून लावा. आणि चिंचेखाली वटवाघळं असतील तर दुसरं झाड शोधा, रंगावर ते डाग फार वाईट बसतात.

झाड नसेल आणि ऑफिसात आठ-दहा गाड्या रोज तिथेच लागत असतील, तर सगळ्यांनी वर्गणी काढून हिरवी शेडनेट टाका. द्राक्षं आणि बेदाण्याच्या लोकांमुळे आपल्याकडे ती कुठेही मिळते, ५० टक्के, ७५ टक्के अशी. ७५ वाली घ्या. वारा आरपार जातो म्हणून उडून जाण्याची भीती पत्र्यापेक्षा कमी. तरी वळवाच्या वाऱ्याचा विचार करून दोऱ्या घट्ट बांधा.

काच बोटभर खाली ठेवण्याचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. २००५ मध्ये झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात काचा थोड्या खाली ठेवूनही तापमान वाढण्यात फारसा फरक पडला नाही. तुम्हाला हवी तर ठेवा, पण एप्रिल-मेमधला साडेचारचा वळीव लक्षात असू द्या. ओल्या सीटांच्या वासाचं कारण शोधत आलेली एक गाडी दर वर्षी असते.

त्याच अभ्यासातली एक गोष्ट मात्र गंभीर आहे: गाडी तासाभरात जेवढी तापते त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. मिरजेला दवाखान्यांच्या बाहेर शेड लावलेल्या गाड्यांत झोपलेलं लेकरू किंवा म्हातारं माणूस ठेवून "आत्ता येतो" म्हणून गेलेले लोक मी बघितलेत. शेड लावली म्हणून आतली हवा ५३ झाली तर ती ५३ च आहे. लहान मुलांचं अंग मोठ्यांपेक्षा तीन ते पाच पट वेगाने तापतं. पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही. इन्सुलिन, पॉवर बँक, लायटर, डिओचा डबा हेही गाडीत सोडू नका.

आता संध्याकाळी सहाचं. दारं दोन्हीकडची उघडा, अर्धा मिनिट. घाई असेल तर डावी मागची काच खाली करून उजवं दार पाच-सहा वेळा उघडझाप करा, हवा ढकलली जाते. मग काचा खाली ठेवूनच निघा, ब्लोअर पूर्ण, एसी चालू, आणि बाहेरची हवा आत घेणारं बटण. सुरुवातीला बाहेरची ३७ अंशांची हवा आतल्यापेक्षा गारच असते, ती नाकारायची कशाला? मिनिट-दोन मिनिटांनी काचा वर आणि आतली हवा फिरवण्याचं बटण. लोक उलट करतात: बसल्या बसल्या काचा बंद, आतली हवा फिरती, आणि ५५ अंशांच्या हवेला एसी लावतात.

एवढं करूनही पंधरा-वीस मिनिटांत गाडी गार होत नसेल तर दोष शेडचा नाही. तेव्हा एसीचा फिल्टर आणि पुढचा कंडेन्सर (गाडीच्या नाकाडापाशी असते ती जाळी, एसी आतली उष्णता तिथून बाहेर टाकतो) बघून घ्या. ऊसतोडीच्या दिवसांत जाळलेल्या पाचटाची काजळी आणि धूळ कंडेन्सरच्या जाळीत बसते आणि उन्हाळ्यापर्यंत तशीच राहते. नुसत्या पाण्याने, हलक्या दाबाने धुतला तरी पुष्कळदा काम होतं. प्रेशर वॉशरने जवळून मारू नका, जाळीच्या पातळ पट्ट्या वाकतात. आणि गेज न लावताच कोणी "गॅस भरायला लागेल" म्हटलं तर तिथून गाडी काढा.

तुमच्या जागी मी असतो तर साडेतीनशेची शेड ठेवली असती, कडेच्या फटी बघितल्या असत्या, उद्यापासून गाडीचं तोंड पूर्वेला केलं असतं आणि स्टिअरिंगवर एक पांढरा सुती टॉवेल टाकला असता. आठवडाभर घड्याळ लावून बघा. गाडी कोणती, रंग कोणता आणि पार्किंगची दिशा कळवलीत तर आणखी नेमकं सांगता येईल.